परतल्यावर नक्की भेटू

प्रिय ताई,

कागदावरचं पत्र बघून काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगतो, सगळे ठणठणीत आहेत. घोळ फक्त माझ्या हातून झालाय.

आपल्या कंपनीची येणारी-जाणारी प्रत्येक मेल ज्या फाटकातून जाते, त्याचा राखणदार तुझा भाऊ आहे, हे तू तुझ्या शाखेत कुणाला सांगत नाहीस. आता तर अजिबात सांगू नकोस. हिशेबाच्या बाई रजेवर निघाल्या, म्हणून त्यांच्या नावाने आपोआप उत्तर जाईल अशी सोय करायला बसलो. मजकूर झकास लिहिला: 'मी सध्या रजेवर आहे. परतल्यावर नक्की भेटू.' फक्त 'कुणासाठी' हा रकाना भरायचा राहिला. रकाना रिकामा म्हणजे सगळ्यांसाठी, हे मला साहेबांनी शिकवलं, तेही त्यांच्या पद्धतीने. ते खुर्चीत बसून आमच्यावर खेकसत होते आणि ते रजेवर असल्याचं जगाला कळत होतं. एका गिऱ्हाइकाने तर अख्ख्या कंपनीला सहलीच्या शुभेच्छा दिल्या. दुपारपर्यंत सगळं निस्तरलं, पण चहाच्या वेळी मला आता 'रजासम्राट' म्हणतात.

बोलणी खाऊन सुटलो असं वाटलं, तोवर दुसऱ्या दिवशी बाबांची मेल आली. तुला माहीतच आहे, त्यांनी टेबलाच्या काचेखाली आपली दोघांची ऑफिसची कार्डं ठेवलीत, म्हणून ते ऑफिसच्याच पत्त्यावर लिहितात. गुडघा, नळ, शेजारणीचं मांजर. आपण वाचतो, संध्याकाळी उत्तर देऊ म्हणतो आणि विसरतो. या वेळी मात्र घोळाच्या सकाळीच त्यांनी लिहिलं होतं आणि त्यांना दोन्हीकडून क्षणात उत्तर गेलं. तू रजेवर, मी रजेवर, आणि परतल्यावर नक्की भेटू. ताई, आपण परततो ते कामावर. बाबांच्या लेखी पोरं परततात ती घरीच.

त्यांनी लिहिलंय, दोघं मिळून येताय हे फार बरं केलंत, आई गेल्यापासून असं झालंच नव्हतं. वरच्या खोलीतलं शिलाई मशीन हलवलंय, गाद्यांना ऊन दाखवलंय. खिडकीजवळची जागा तुला, कारण मी घोरतो. शेजारणीलाही सांगून झालंय. वाचून मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

ती यंत्राची चूक होती, असं त्यांना कळवायला बसलो. दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. धीरच होईना. तुला फोन केला, तर 'या वेळी बाबांकडे कोण जाणार' यावरून भांडल्यापासून तू तो उचलत नाहीस. मेल केली असती तर म्हणाली असतीस, पुन्हा तुझ्या यंत्रानेच पाठवली. म्हणून हा कागद. मी रजेचा अर्ज दिलाय, शुक्रवारी निघतोय. सही करताना साहेबांनी विचारलं, या वेळी रजेवर तू एकटाच ना? मी सांगून टाकलं, नाही, ताईपण आहे. आता मला खोटं पाडू नकोस.

तुझाच,
ठोंब्या