चपला बाहेर!

अहो,

फोटोतून डोळे वटारू नका. तुमची ती वाऱ्यासारखी पळणारी महागडी गाडी मी आज दान केली. आजाऱ्यांना दवाखान्यात फुकट ने-आण करणारी एक संस्था आहे, तिला. तुमच्यामागे ती नुसती झाकून उभी होती आणि मला चालवता येत नाही. तुम्ही शिकवलंत कुठे? मी स्टिअरिंगला हात लावला तरी तुम्ही फडकं घेऊन पुसायला धावायचात!

संस्थेचा ड्रायव्हर गाडीचं दार उघडतोय तोच माझ्या तोंडून सवयीने तुमचंच वाक्य निघालं, "चपला बाहेर!" बिचारा चपला काढून अनवाणी बसला आणि गेला. चपला राहिल्या आपल्या फाटकाशी.

संध्याकाळी तो त्या न्यायला आला, तेव्हा गाडीत दवाखान्यातून परतणाऱ्या एक आजी होत्या. चपला पिशवीत घालून मांडीवर, अगदी मी बसायचे तशा. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "घाला हो पायात, आता ओरडणारं कुणी नाही."

"असू दे बाई. कुणीतरी जिवापाड जपलेली दिसते. पाय टाकवत नाही."

गाडी कोपऱ्यावर वळली. मग पाहिलं, तर माझ्याही चपला माझ्या हातातच होत्या.

तुमचीच,
शेजारच्या सीटवरची