डावा पाय

१० जून १९५७
आज डावा तोडा नीट बसला. लग्नापासून तो ढिला, घोट्यावर आपटायचा; उजवा मात्र मापाचा. मी चिंधी गुंडाळून घालत होते. आज चिंधी फेकून दिली. खूष झाले. मग वाटलं, चांदी काही आटत नाही.
तोडे थोरलीचे. म्हणजे ह्यांच्या पहिल्या बायकोचे.

१४ जून
सारवलेल्या ओटीवरून ओल्यातच चालले म्हणून सासूबाई ओरडल्या. (यापुढे सा.बा., तेवढंच रॉकेल वाचेल.) ओरडता ओरडता खाली वाकल्या. पावलं बघत होत्या. उजवं पाऊल माझं. डावं दुसऱ्याच कुणाचं असावं तसं, रुंद, बोटं एकमेकांत मिसळलेली. त्यांनी वरून बोळा फिरवला.

२२ जून
दुखत नाही, हीच पंचाईत. दुखलं असतं तर बोंब तरी मारली असती. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. चैत्रात दोनदा थंडीतापाने पडले होते, तेव्हापासून असेल का?
लुगडं घोट्यापर्यंत सोडून नेसते. वाडीत म्हणतात, म्हाडची हाय ना, शेरातली. महाड माझं माहेर, म्हणून. म्हणोत. ह्यांना परळला खोली मिळालीय. गणपतीला येतील ते मला न्यायलाच. लग्नाला तीन वर्षं झाली, आतापर्यंत नुसते निरोपच. तोवर हे कुणाला दिसता कामा नये.

७ जुलै
लावणी. चिखलात लुगडं वर खोचावंच लागलं. शेजारची गंगूकाकी वाकल्या जागी थांबली.
"गो बाय, तुजा पन डावाच?"
पण म्हणजे? काकीच्या जिभेला हाड नाही, तेव्हा घरी येईपर्यंत सगळं काढून घेतलं. थोरलीचा पाय असाच. आधी घोटा, मग पोटरी, मग गुडघ्यापर्यंत. सोनाराकडून तोडा वाढवून घेतला तो तेव्हाच. तिलाही मुंबईला न्यायचं ठरलं होतं, ते राहिलं. "म्हायेरी धाडली गो तिला, घाटावर. तिकडंच गेली बिचारी."
तोडे काढून फडताळात टाकले. डावा काढताना साबण लावावा लागला.

११ जुलै
कारणं ज्याच्या त्याच्याकडे तयार. काकी म्हणते, तिठ्यावरचा उतारा ओलांडलास. वरच्या वाडीतला भगत म्हणतो, थोरली उपाशी हाय. "तिचा टाक कुटं हाय हिच्या गल्यात?"
खरंच की. बिजवराला दिलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक घालतात. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, मग आपण नेसायचं. मला कुणी घातलाच नाही. शिकलेली म्हणून रीत सोडली असेल असं मी समजत होते, जरा मिरवतही होते.
सा.बां.ना विचारलं. "करू कवातरी," म्हणाल्या आणि गोठ्यात गेल्या. गोठ्यात तेव्हा काहीच काम नव्हतं.

२० जुलै, महाड
माहेरी. बाबांनी डॉक्टरांकडे नेलं. बाळंतपण झालंय का? जांघेत गाठ? कधी पाय मोडला होता? काही चावलं? हत्तीरोग वाटतो, पण शीर तुंबली तरी असाच एक पाय सुजतो, पोटात गाठ असली तरी. रक्त रात्री उशिरा घ्यावं लागतं. हत्तीरोगाचे किडे दिवसा आत लपतात, रात्रीच रक्तात वर येतात.
मी म्हटलं, आमच्याकडच्या भुतांची वेळही हीच. डॉक्टर हसले. बाबा नाही हसले.

२२ जुलै
रक्तात काही मिळालं नाही. म्हणून नाहीच असं नव्हे, म्हणे. रोग जुना झाला की किडे रक्तात दिसतच नाहीत. गोळ्या दिल्या. पाय रोज साबणाने धुवायचा, निजताना उशीवर ठेवायचा, आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचा.
विचारलं, एकाच घरात दोघींना कसा? "एकच घर, तेच डास. त्यात नवल काय?"
ऐकून इतकं बरं वाटलं की बाहेर आल्यावर रडू आलं. बाबा म्हणतात, राहा इथंच. नाही. राहिले तर वाडीत म्हणतील धाडली. मला कुणी धाडलेलं नाही.

९ ऑगस्ट
सा.बा. ओटी सारवून नदीवर गेल्या. मी आत पाय उशीवर टाकून पडलेले. उठून आले तर ओल्यात एक पाऊल. एकच. डावं, घरात येणारं.
मी शेजारी माझं ठेवून पाहिलं. ते माझ्याहून मोठं होतं.
शेण ओलं असलं की ठसा पसरतो. पसरतोच. सा.बा. यायच्या आत बोळा फिरवला, दोन्हींवरून.

२५ ऑगस्ट
हे आले. चहा झाला तसं मीच लुगडं वर केलं. म्हटलं, हा बघा, न्यायचं तर ह्याच्यासकट. लपवून लपवून जीव मेटाकुटीला आला होता.
सा.बा. म्हणाल्या, मुंबईला जा, दवाखाना करा, पण आदी घाटावर थोरलीच्या म्हायेरी नारळ ठेवून या दोघं. आंबेनळी घाटात दरड आलीय, गाडी बंद, म्हणजे चालत.
मी ह्यांना विचारलं, थोरलीलाही असंच चालत नेलं होतंत? सा.बा. उठून आत गेल्या.
"व्हय. निम्म्या घाटात म्हनाली, पाय जड झालाय, तुमी व्हा फुडं, मी येतेच मागनं. मी वळनावर थांबलो. ती आली नाय. मागं गेलो तर रस्त्यात कोन नाय. दरीत उतरून बघितलं, लय दिस बघितलं."
म्हणजे माहेरी ती पोचलीच नाही. म्हणून टाक नाही. टाक मेलेल्या बाईचा करतात, आणि हिला मेलेली कुणी पाहिलीच नाही.
बोलताना ह्यांनी माझा पाय मांडीवर घेतला होता. मला ह्यांची दया आली आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. म्हणाले, "सकाळी निगू. या खेपेला तू फुडं चाल. मी मागं हाय."
मी अजून हो म्हटलेलं नाही.