बारा कडवी आणि एकवीस नियम

११ जानेवारी, सकाळी ७
नातीचं लग्न सहा फेब्रुवारीला ठरलं. साथ चालू आहे म्हणून माणसं फक्त पन्नास. सभागृहात सह्या, मागच्या अंगणात जेवण, की आटोपलं. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही फक्त खुर्चीवर बसायचं. मी सुरक्षेची सूत्रं मनातल्या मनात हाती घेतली. या घरात स्वच्छतेची चाड असलेला माणूस एकच आहे.
दुसरा संकल्प : नातीसाठी कविता. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायची. शाळेत म्हणायचो तशी, हात मागे बांधून, खिडकीबाहेर बघत.
वही नवी. पानं चिकटलेली. बोट ओलं करून सुटी केली.

१४ जानेवारी
मुलाचे होणारे व्याही येऊन गेले. शिसारी आली. रुमालात शिंकले, रुमाल उघडून आत काय ते नीट पाहिलं, घडी घातली आणि त्याच रुमालाने चष्मा पुसला. मास्क एका कानाला लोंबकळत होता, वाळत घातलेल्या चड्डीसारखा. वर शेकहँडला हात पुढे! मी दोन्ही हात पाठीमागे नेले. ते म्हणाले, आजोबा कविता म्हणणार वाटतं.
ते जाताच नियमावली सुरू केली. नियम चौथा : हात तोंडाला, नाकाला, डोळ्यांना लावू नये. मोठ्याने वाचून दाखवला. ही आतून हसली. हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

१९ जानेवारी, दुपार
केटरिंगवाल्या बाईंच्या स्वयंपाकघरात गेलो. चूक काढायच्या तयारीने गेलो होतो, हिरमुसलो. डोक्याला टोप्या, हातमोजे, फरशीवर पावलं रंगवलेली. बाई म्हणाल्या, वाढपी नाहीत, रांग नाही. गरम जेवण डब्यात बंद करून ज्याचं त्याच्या टेबलावर, आणि एका टेबलावर एकाच घरची माणसं. मी म्हटलं, माझ्याही डोक्यात अगदी हेच होतं.
मेनूकार्ड चाळलं. बाईंनी ते माझ्याकडून परत घेतलं ते चिमट्याने, आणि केराच्या डब्यात टाकलं. नवंकोरं कार्ड! कामाला चोख, पण बाई जरा विक्षिप्तच.

२३ जानेवारी
ताईला फोन. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, चौऱ्याऐंशीची. छाती नाजूक, दीड वर्ष उंबरा ओलांडलेला नाही. तिची सून पाठवायला तयार नव्हती. म्हणाली, मामा, एक शिंकसुद्धा यांना परवडायची नाही. मी लेखी हमी पाठवली : ताईच्या केसाला धक्का लागला तर जबाबदार मी. शेवटी सून कशीबशी राजी झाली.
ताई हवीच. माझ्या शाळेतली आता तीच एक उरलीय. चौथीत गुरुजींनी माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर पाच छड्या मारल्या होत्या, अख्ख्या वर्गात फक्त माझ्या. सोनं ठोकल्याशिवाय दागिना होत नाही, हे त्यांना माहीत होतं. कवितेची बोटं त्यांनी ओळखली. ताई तेव्हा सातवीत. साक्षीला आहे.
कविता किती मोठी, असं तिने विचारलं. बारा कडवी, म्हटलं. मग पाण्याची बाटली आणते, म्हणाली.

२९ जानेवारी
ओकारी यायची बाकी होती. नियमावली आणि कविता, दोन्हीच्या पन्नास-पन्नास प्रती काढायला दुकानात गेलो. दुकानदाराने प्लॅस्टिकची पिशवी उघडायला तिच्यात फुंकर मारली. फूऽऽ! अख्खं फुफ्फुस आत. मी तिथेच खडसावलं. म्हटलं, तुमचा श्वास मी घरी नेऊ काय? तो म्हणाला, काका, मग तुम्ही उघडा. अंगठा ओला केला, चुटकीसरशी उघडली. याला म्हणतात पद्धत.
घरी येऊन प्रती लावल्या. एक नियमावली, एक कविता, मधोमध घडी. पन्नास जोड्या. दोन तास अंगठा चालू. जिभेला अजून शाईची चव आहे.
कवितेचा मसुदा फाडून टाकला. मला तोंडपाठ आहे. हल्लीच्यांसारखं फोनमध्ये बघून बोलणारी आमची पिढी नव्हे.

६ फेब्रुवारी, सायंकाळी ५, अंगणातली कोपऱ्यातली खुर्ची
दाराशी उभा राहिलो. गठ्ठा डाव्या हातात. येईल त्याला अंगठ्याने एक जोडी सुटी करून देत होतो. लोकांचे चेहरे विचित्र. मास्कमुळे नीट कळेना, पण भुवया वर जात होत्या. भारावले असावेत. एकाने कागद दोन बोटांच्या नखांत धरला. व्याह्यांनी तर हात चक्क पाठीमागे नेले. शिंकून चष्मा पुसणारा हा माणूस!
मग ताई आली. सुनेच्या आधाराने, दोन मास्क लावून. मी तिच्यासाठी खास वरची प्रत काढली. ताईने हात पुढे केला नाही.
म्हणाली, "छोट्या, आधी तोंडातलं बोट काढ."
मी पाहिलं. होतं.
सगळे थांबले. मी बाजू सावरायला म्हटलं, ताई, याच बोटांवर गुरुजींनी कवितेसाठी छड्या मारल्या होत्या.
"कवितेसाठी कसल्या? अख्ख्या वर्गाच्या वह्या वाटायला दिल्या होत्या तुला, तू थुंकी लावून वाटल्यास. पुढचे दोन दिवस पोरं वह्यांना हात लावत नव्हती."
सुनेने ताईला तिथल्या तिथे चार पावलं मागे नेलं. गाडीकडेच वळवत होती. केटरिंगवाल्या बाई धावत आल्या. त्यांनी ताईचं टेबल पार पलीकडच्या टोकाला, झाडाखाली नेलं, तेव्हा सून थांबली. मग बाई चिमटा घेऊन टेबलाटेबलावरून फिरल्या. माझी कविता एकेक करून काळ्या पिशवीत गेली. मेलेला उंदीर उचलावा तशी.
नात मधे आली. म्हणाली, एक प्रत मला हवी. बाईंनी एक उचलून पारदर्शक पिशवीत घातली आणि पिशवी बंद केली. नात मला म्हणाली, "आजोबा, चौदा दिवसांनी वाचते. आत्ता तुम्ही तोंडपाठ म्हणा ना. पाठ आहे म्हणाला होतात."
आत सह्या झाल्या, सगळे अंगणात आले. उभा राहिलो. हात मागे. खिडकी नव्हती म्हणून झाडाकडे पाहिलं, तर झाडाखाली ताई.
"निघाली नाव ही सोनसकाळी, दोघे वल्ही धरून..."
पुढची ओळ येईना. पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदाही नाव किनाऱ्याशीच. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. एका ओळीची कविता लोकांना फार आवडली. व्याही म्हणाले, छान, आटोपशीर.
ताईने बाटलीतलं पाणी सुनेला दिलं.

७ फेब्रुवारी
दोष हवेचा. उघड्यावर स्मरणशक्ती मंदावते. शिवाय मास्क.
हिने माझ्या टेबलावर बँकेतल्या कॅशियरकडे असते तशी डबी आणून ठेवली. आत ओला स्पंज. लग्नाला साठ वर्षं होत आली, एकदाही बोलली नाहीस, म्हटलं. म्हणाली, साठ वर्षं वर्तमानपत्र तुमच्या आधी वाचतेय, ते कशासाठी वाटलं? डबी उचलून पलीकडच्या टेबलावर ठेवली. मी काय कॅशियर आहे?
ताईच्या सुनेला रोज सकाळी फोन करायचं ठरवलं.

१३ फेब्रुवारी
सातवा दिवस. ताईला ताप नाही, खोकला नाही. सून दोनच शब्द बोलते : बऱ्या आहेत. मला झोप अशी नाहीच.

२० फेब्रुवारी, सकाळी ९
चौदा दिवस झाले. पन्नासांपैकी एकालाही काही नाही. ताई ठणठणीत. नियमावलीचं यश. केटरिंगवाल्या बाईंना अभिनंदनाचा फोन केला, आपण दोघांनी मिळून निभावलं असं म्हटलं. त्यांनी लगेच फोन ठेवून दिला. विनय असावा.
नातीचा फोन आला. पिशवी उघडली म्हणाली. मी खुर्ची पुढे ओढली. विचारलं, नावेचं पुढे काय झालं?
ती म्हणाली, कविता नाहीच. पिशवीत फक्त नियमावली होती. कविता घडीतून निसटून त्या काळ्या पिशवीत गेली असणार. नियम चौथ्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या, तो तिने वाचून दाखवला.
म्हणाली, आजोबा, मग तुम्हीच सांगा ना, मी लिहून घेते. मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये गं. ती म्हणाली, मला तर तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतोय.
हरकत नाही. नवी लिहीन. मागच्यापेक्षा सरस, चोवीस कडव्यांची. आजच, याच वहीत.
पुढचं पान चिकटलंय.
स्पंज पलीकडच्या टेबलावर. ही बाजारात गेलीय. कोण उठणार.