फरशीवरचं मीठ

१८ मार्च
सकाळी साडेसहाला बर्फाचा ट्रक. इथला लातूरचा कारखाना दुष्काळात पाण्यावाचून बंद, म्हणून लाद्या थेट नांदेडहून. जागामालकाने माझ्या सायकल स्टँडचा कोपरा बर्फवाल्याला दिला, मला विचारलंही नाही. लातूरचा नवा जिल्हा झाल्यापासून कचेऱ्यांची गर्दी, स्कूटर-जीपा सगळं इथंच. शहाबादी फरशी आधीच गुळगुळीत, तीवरून आकड्याने लाद्या ओढतात. तुकडे उडतात, पाणी पसरतं. आज एक कारकून सायकलीसकट आडवा. लागलं नाही. पण लेक शोभा पहिल्या बाळंतपणाला येणार. घर स्टँडच्या मागे, वाट याच फरशीवरून.

२० मार्च
चुलीची राख टाकली. चिखल झाला. सौ.ची बोलणी खाल्ली.
मागच्या गल्लीतली मालनबाई रोज येते. पटकुराने फरशीवरचं पाणी टिपते, घागरीत पिळते. गाईसाठी. ती लाद्यांपाशी वाकली की मला धडकी. पडली तर बोल माझ्यावर. म्हटलं, मावशी, जपून.
"मी न्हाई पडत. तू तुझं बघ."

२३ मार्च
माधवराव स्कूटर लावायला आले. फौजेतून निवृत्त. म्हणाले, काश्मिरात गाड्यांच्या तळावर बर्फ साचला की मीठ टाकायचे. "टाकून तर बघा, लई गुणकारी हाय." माणूस बर्फात राहून आलेला, त्याला कळणारच. खडेमीठ आणलं, पोतंभर.

२४ मार्च
ट्रकच्या आधीच मीठ पसरलं. तुकडे खरंच विरघळले. दुपारी झोप लागली, कित्येक दिवसांनी.

२५ मार्च
लाद्या बुडातून जास्तच पाझरल्या. बर्फवाला तणतणला. मालनबाईने पटकूर पिळलं, बोट बुडवून चाखलं, घागर तिथंच उपडी केली.
"काल गाय तोंड लावंना. मला वाटलं आजारी हाय. सांगायचं तर व्हतं रं."
गेली. मनात म्हटलं, बरं झालं, ही पडायची भीती तरी गेली. लिहितानाही लाज वाटते.

२७ मार्च
दोन दिवस मालनबाई नाही. नऊला कोरडी होणारी फरशी दुपारपर्यंत ओली. दोघे घसरले, एकाचं मनगट सुजलं. आज कुठे डोक्यात उजेड. फरशी राखेने नाही, मिठाने नाही, तिच्या पटकुराने कोरडी राहत होती. आणि मी शहाणा तिलाच जपून म्हणत होतो.

२८ मार्च
मीठ झाडून काढलं. धुवायला पाणी कुठलं? टँकरचं, प्यायचं, दोन घागरी ओतल्या. सौ.ने उरलेली घागर उचलून आत नेली.
मालनबाई टँकरच्या रांगेत सापडली. म्हटलं, मावशी, मीठ काढलं, या उद्यापासून.
"मला काय इचारतूस? गाईला इचार. तिनं तोंड लावलं तर येते."

३० मार्च
सकाळी मीच गुडघ्यांवर. टिपायचं, पिळायचं. कंबर धरली. पहिली घागर तिच्या दारात ठेवून आलो. दार बंद.
शोभा मुखेडच्या गाडीने नऊला आली. आठवा सरत आलेला. फरशी अर्धीच टिपून झालेली. हात धरून नेत होतो, तर मधेच थांबली.
"अप्पा, तोल तुमचाच जायलाय. मला धरा, म्हंजी दोघंबी नीट जाऊ."
पोचलो. तिला खाटेवर बसवलं, परत येऊन उरलेली फरशी टिपली.
परवा तिला तपासायला न्यायचं, सकाळी सातला. ट्रक साडेसहाचा.
संध्याकाळी मालनबाईच्या दारावरून गेलो. घागर रिकामी, उपडी ठेवलेली. गाय प्यायली की हिने ओतून दिलं, कळेना. ती आत भांडी लावत होती. हाक न मारता घागर उचलून आणली. उद्या पुन्हा भरून ठेवायची.