दुखणं बरं झाल्यावर कळवावं

क्वीन्सटाउन, सिंगापूर
ता. १२ नोव्हेंबर २००६

चि. यादव यास अनेक आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पावलं. चार पानांपैकी अडीच पानं तू घरामागच्या गवतावर आणि त्यातल्या खारींवर खर्च केली आहेस. ओहायोतल्या खारी खुशाल आहेत हे वाचून समाधान वाटलं. शेवटी एका ओळीत 'उज्ज्वलही मजेत' असं आहे. मी जन्मभर मुलींचे निबंध तपासले. लिहिणारी कुठे घाईने पुढे सरकते ते मला कळतं.

तेव्हा आता ऐक. तुझ्या मुलाची डावी मांडी दुखावली आहे आणि गेले दोन रविवार तो खेळलेला नाही. ही चुगली कोणी केलेली नाही, त्याच्या संघाने स्वतः जाहीर केलं आहे. तुमच्या त्या अमेरिकन फुटबॉलात नियमच आहे म्हणे, की दर आठवड्याला आपल्या कोणत्या खेळाडूचं काय दुखावलं ते प्रत्येक संघाने सांगायचं. नाव, अवयव आणि पुढे शक्यता: बहुधा खेळेल, सांगता येत नाही, कठीण आहे, बाहेर. इरा दर शनिवारी तिच्या बापाच्या, नरेशच्या, कॉम्प्युटरवर ते उघडून मला वाचून दाखवते, कारण त्या लोकांनी अक्षरं फार बारीक ठेवली आहेत. आजीची ही एवढी एकच आज्ञा माझी नात बिनतक्रार पाळते.

मला हा नियम फार आवडला. आपल्या घरात नेमका उलटा आहे. दुखणं बरं झाल्यावर कळवावं, असं आबा सांगून गेले. त्यांना टायफॉइड झाला होता हे आपल्याला ते कामावर रुजू झाल्यावर समजलं. आईचं ऑपरेशन टाके निघाल्यावर समजलं. त्यामुळे आपल्या घराण्यात आजवर कोणी आजारी पडलेलंच नाही. सगळे नुसते बरे झालेले आहेत.

सूनबाईच्या, म्हणजे प्रियदर्शिनीच्या, ऑफिसातल्या एका अमेरिकन माणसाकडून मी उज्ज्वलचं काम समजून घेतलं. सेफ्टी म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा रक्षक. पुढचे सगळे चुकले, की चेंडू घेऊन धावत सुटलेल्या शंभर किलोच्या माणसाला याने एकट्याने आडवं करायचं. दुसऱ्यांच्या चुकांची भरपाई स्वतःच्या हाडांनी करण्याचा हा पगारी उद्योग आहे. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन मुलाला हेच सुचलं का, असं मी विचारणार नाही. दर वेळी विचारते, तेवढं पुरे.

तुझ्या राणीला सांग, तिने पाठवलेली लोणच्याची बरणी फुटकी आली तरी खाल्ली. आमच्यावरचा लोभ खारींपेक्षा थोडा अधिक ठेवून खरं ते लिहावं.

तुझी
बेबीताई


ओहायो
ता. २ डिसेंबर २००६

ती. बेबीताईस सप्रेम जयभीम, वि. वि.

तू आता आमच्यावर कॉम्प्युटरने पाळत ठेवतेस हे कळलं. उज्ज्वलची मांडी बरी झाली, तेव्हा ती दुखावली होती हे कळवायला आता हरकत नाही. आणि विषय निघालाच आहे तर, २००३ साली त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि पुढच्या वर्षी गळ्याखालचं हाड मोडलं होतं. दोन्ही उत्तम जुळलं आहे. कळवायचं राहून गेलं.

त्याने हा नाद का धरला, असं तू विचारतेस. मीही विचारायचो. कॉलेजात असताना त्याच्याशी महिनाभर बोललो नव्हतो, हे तुला माहीत आहे. मग पहिल्यांदा त्याचा मोठा सामना बघायला गेलो. ताई, त्याच्या पाठीवर हातभर अक्षरांत आपलं आडनाव लिहिलेलं होतं. रामटेके. नागपुरात आपण खोली शोधत हिंडायचो ते आठवतं ना? आडनाव विचारून झालं, की खोली नेमकी आदल्या दिवशी दिलेली निघायची. इथे साठ हजार माणसं उभी राहून तेच आडनाव ओरडत होती. उच्चार भयंकर होता, पण ओरडत होती. मीही ओरडलो. शेजारच्याने मला बिअर पाजली.

मी इथे जन्मभर पुलांचे खांब तपासले. एकाही पुलावर माझं नाव नाही.

आता संघाशी असलेल्या त्याच्या कराराचा पुढच्या वर्षीचा एकच हंगाम उरला आहे. जुलैअखेर सरावाला हजर व्हायचं. तो हंगाम पूर्ण खेळला तर नवा करार, नाहीतर घरी. त्याआधी त्याला विश्रांतीसाठी तुझ्याकडे पाठवतो. खायला घाल, उपदेश जरा बेताने कर.

तुझ्या रागाच्या खालच्या थरात असतो तो लोभ आम्हांस मिळत राहावा.

तुझा
यादव


क्वीन्सटाउन, सिंगापूर
ता. ३ जून २००७

चि. यादव यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

उज्ज्वल येऊन तीन आठवडे झाले. सोफ्यावर तो मावत नाही, म्हणून सोफा गॅलरीत गेला आणि उज्ज्वल जमिनीवर आला. नरेशला जन्मात खेळाची आवड नव्हती. हल्ली तो लिफ्टमध्ये भेटणाऱ्या अनोळखी माणसांनाही मामेभावाची ओळख करून देतो.

ही बातमी आमच्या मंडळापर्यंत पोचली आणि वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, सुट्टीला जुरोंग ईस्टच्या हॉलमध्ये उज्ज्वलचा सत्कार ठरला. अध्यक्ष शिरीषराव अर्धा तास तथागतांच्या अहिंसेवर बोलले आणि मग, माणसांना धडका देऊन पोट भरणारा पहिला मराठी तरुण म्हणून नव्हे, पण जवळपास तशीच त्याची ओळख करून दिली. त्याने असंख्य गोल मारल्याचंही सांगितलं. त्याचं काम अडवण्याचं आहे, हे मी त्यांना दोनदा लिहून दिलं होतं. स्मृतिचिन्ह म्हणून काचेचा गोल फुटबॉल दिला. हा तो बॉल नाही, लाह, असं इराने इथल्या मुलांच्या ढंगात पहिल्या रांगेतून सर्वांना ऐकवलं.

मग हार. अध्यक्षांनी घातला म्हणून माजी अध्यक्षांना घालावा लागला. महिला शाखेला डावलता येत नाही. युवा शाखेत चाळिशीचे तिघे आहेत, त्यांचा वेगळा. हॉलचं भाडं देणाऱ्या गृहस्थांनी खास ऑर्किडचा, कमरेपर्यंत येणारा आणला होता. काढून ठेवायचीही सोय नाही; फोटोत प्रत्येकाला आपला हार दिसायला हवा.

उज्ज्वल एकाहीपुढे वाकला नाही. ताठ उभा राहिला. बुटक्या शिरीषरावांना शेवटी खुर्चीवर चढावं लागलं. खजिनदार मनोहर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, की अमेरिकेत मुलांना वाकायला शिकवत नसावेत. मला ते लागलं. परतताना एमआरटीच्या गाडीत मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो मान न वळवता सगळं ऐकत राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडलेला मला तेव्हा कुठे दिसला.

घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांत, आम्ही चहाला थांबलो. तिथे काय बोलणं झालं ते लिहीत नाही.

इथल्या मैना खुशाल आहेत. समोरच्या झाडावर चार-पाच असतात. सकाळी फार कलकलाट करतात. उज्ज्वलही मजेत.

लोभ राहू दे, पुढे लागणार आहे.

तुझी
बेबीताई


ओहायो
ता. २३ जून २००७

ती. आत्यास जयभीम.

माझं मराठी आजीने शिकवलेलं आहे, चुका तिच्या नावावर टाका. मी नीट पोचलो. सध्या आईबाबांकडेच आहे.

बाबांना अजून सांगितलं नाही. तुम्हीही सांगणार नाही असं चहाच्या टेबलावर म्हणाल्या होत्यात. मानेतून हातात मुंग्या येतात त्या आता कमी आहेत. डॉक्टर तेच म्हणतात, की मणक्यांजवळ जागा उरलेली नाही, आणखी एक चुकीची धडक आणि दोन्ही हात कायमचे जाऊ शकतात. पण हे माझे खासगी डॉक्टर. संघाच्या डॉक्टरला अजून मानेच्या स्कॅनची चित्रं दाखवलेली नाहीत. त्याच्यासमोर मान थोडी वळवता आली की झालं. रोज आरशासमोर वळवून बघतो.

तुम्ही विचारलं, भीती वाटत नाही का. वाटते. पण मी मैदानातून बाहेर आलो की बाबा परत फक्त पुलाचे खांब तपासलेले एक म्हातारे गृहस्थ होतील. काल त्यांनी गराजमध्ये माझे खेळाचे जुने सगळे शर्ट खिळ्यांवर टांगले, पाठ बाहेर करून. मग मला बोलावून दाखवलं. अशा वेळी काय सांगायचं?

२७ जुलैला मी सरावाला जाणार. हा एक हंगाम. मग बरा झालो की सांगेन.

इराला सांगा काचेचा बॉल तिचा. तुमची माया माझ्यावर आहे तशीच असू द्या, मी ऐकलं नाही तरी.

उज्ज्वल


क्वीन्सटाउन, सिंगापूर
ता. २ जुलै २००७

चि. यादव यास आशीर्वाद.

हे पत्र आबांचा नियम मोडून आणि उज्ज्वलला दिलेला शब्द मोडून लिहीत आहे. दुखणं बरं झालेलं नाही. होणारही नाही.

तुझ्या मुलाची मान कामातून गेली आहे. आणखी एक धडक बसली तर दोन्ही हात जातील, असं त्याच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं आहे. चित्रं त्याच्या बॅगेत आहेत. त्या दिवशी तो वाकला नाही, कारण त्याला वाकता येत नव्हतं. आणि आम्ही सगळे मिळून त्याच मानेवर फुलं रचत होतो. शंभर किलोच्या माणसांनी जे अर्धवट ठेवलं, ते मंडळाने शाखावार पूर्ण केलं असतं.

हंगाम संपला की ते अहवाल बंद होतात. तेव्हापासून तुझ्या घरातून फक्त खारींच्या बातम्या येत आहेत. मीही तुला मैना पाठवल्या. तुला कळेल असं वाटलं. कळलं असेल तर तू गप्प बसलास, नसेल तर आता कळव.

त्याला हातांची भीती आहे, पण तुझी जास्त आहे. तू रागावशील याची नाही. तू लहान होशील याची. तो संघाच्या डॉक्टरला फसवून मैदानात उतरणार आहे, कारण तू गराजमध्ये शर्ट टांगलेस.

मी रागावून लिहीत नाही. एकच विचारते. पुलाच्या खांबाला केसाएवढा तडा दिसला, की तू त्याच दिवशी वाहतूक बंद करवायचास. वरच्यांशी भांडायचास, हे मला अभिमानाने लिहायचास. तेव्हा तडा बरा झाल्यावर कळवू, असं कधी म्हणालास का?

२७ तारखेच्या आत त्याच्याशी बोल. माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते नंतर ठरव.

बेबीताई


ओहायो
ता. १५ जुलै २००७

ती. बेबीताईस जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावर रागावलो. इतक्या लांब राहून तू माझ्या गराजबद्दल लिहावंस! गराजमध्ये गेलो आणि शर्टांकडे बघत बसलो. सगळ्या पाठीच होत्या, ताई. तोंड एकाचंही नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी उज्ज्वलकडे चित्रं मागितली. तुझ्यावर तो माझ्याहून जास्त चिडला आहे, तुला लवकरच कळवेल. चित्रं खिडकीशी धरली, पण बघवेनात. मग मी मणक्यांना मनात खांब म्हटलं, तेव्हा बघता आली. बराच वेळ बघितली. हा पूल असता तर आज दुपारीच बंद केला असता, असं मी मोठ्याने म्हणालो.

आणि आडनावाचं काय, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, की साठ हजार लोकांनी ते ओरडण्यापेक्षा तू ते स्वतःच्या हाताने लिहू शकणं मला जास्त हवं आहे. पोरगा रडला. त्याला मान खाली घालता येईना, म्हणून तो सरळ समोर बघत रडत होता. ते बघणं फार अवघड होतं.

तेवढ्यात राणी स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, की आज खरं बोलण्याचा दिवस आहेच, तर फेब्रुवारीत यांच्या छातीत दोन स्टेंट घातले तेही सांगून टाकावं. उज्ज्वल तेव्हा हंगामानंतरच्या फिजिओथेरपीत होता, म्हणून त्याला कळवलं नव्हतं. तुलाही नव्हतं. आता कळवतो. बरा आहे. म्हणजे खरंच.

संघाला त्याने फोन केला. शर्ट मी काढले, एक ठेवला.

नियम मोडणाऱ्या बहिणीचा लोभ कमी होऊ नये.

तुझा
यादव


ओहायो
ता. ८ सप्टेंबर २००७

ती. आत्यास जयभीम.

उद्या माझ्या संघाचा पहिला सामना. मी महिनाभर तुमच्यावर चिडलो होतो, आता दमलो. दर वर्षी या शनिवारी संघ दुखापतींचा पहिला अहवाल काढतो. या वर्षी माझं नाव नाही, म्हणून मीच आपल्या घराचा काढतो आहे. यापुढे दर शनिवारी निघेल. इरा सिंगापूरची वार्ताहर आहे, तिने ईमेल पाठवला.

यादवराव रामटेके, हृदय. बहुधा खेळेल. रोज चालतात, बर्फी लपवून खातात, आईने पकडलं. राणी रामटेके, गुडघा. सांगता येत नाही, कारण ती सांगत नाही. बेबीआत्या, दोन्ही डोळे. वार्ताहर लिहिते, की आजीला मोतीबिंदू आहे, ती वर्षभर लपवते आहे आणि कॉम्प्युटरची अक्षरं बारीक आहेत असं म्हणते, लाह. शक्यता: डॉक्टरकडे गेल्यास बहुधा खेळेल, न गेल्यास मी नरेशदादाला फोन करीन. नियम तुम्हीच मोडलात, आता पळायचं नाही.

उज्ज्वल रामटेके, मान. बाहेर.

हा शब्द लिहायला सकाळपासून बसलो होतो. लिहून झाल्यावर कागद बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि वरच्या ओळीत शुद्धलेखनाची चूक आहे म्हणाले.

सोमवारपासून काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, पूल खात्यात नोकरी आहे. खांब तपासायचे. वर बघावं लागतं, ते मला अजून जमत नाही, पण खाली थोडं बघता येतं. आता तुम्हाला वाकून नमस्कार करता येईल एवढी मान झुकते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं की मी येतो. झाल्यावर नाही, त्याआधीच कळवा.

हार नको. एक फूल चालेल, तुम्ही बसूनच द्या, मी वाकेन. माया आहे हे आता मला पत्राशिवायही कळतं, तरी पत्र पाठवा.

तुमचा
उज्ज्वल