पऱ्हाटीची मोळी निघाली समुद्राला

साकळी, ता. यावल
२० जानेवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
धाकट्या उखर्डूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तू 'काय?' याशिवाय काही बोलत नाहीस, आणि मी ओरडून बोललो की आमच्या अख्ख्या गल्लीला घरातलं कळतं. कानाचं यंत्र तू डब्यात जपून ठेवलं आहेस, असं तुझा ललित सांगतो. मग पत्रच बरं.

बातमी अशी की मी मोनालीला घरी आणायला निघालो आहे. पोरगी कोकणात पालवण्याला, वनखात्याच्या सागरी उद्यानात, कासवांची अंडी सांभाळायच्या नोकरीला लागली त्याला दीड वर्ष होईल. दिवाळीला आली नाही, संक्रांतीला आली नाही. विचारलं की म्हणते, नाना, सध्या माद्या यायचे दिवस आहेत. इकडे वरणगावचं स्थळ, मुलगा योगराज, कायम नोकरीतला, दोनदा निरोप पाठवून बसलं आहे, त्यांना काय सांगू? माद्या येताहेत म्हणून? तिला शिकव, शिकव म्हणून तूच माझ्या मागे लागली होतीस, हे विसरू नकोस.

रागावून ती ऐकणार नाही. तुझ्यावर गेली आहे. म्हणून मी युक्ती काढली. बामणोदची वांगी पोतंभर, मिरच्या, कांद्याची पात, भरीत ठेचायची आपली लाकडी बडजी, आणि पऱ्हाटीची एक मोळी एवढं घेऊन निघतो. समुद्राकाठी भरीत पार्टी करायची. वांग्याचा वास नाकात गेला की पोरगी आपोआप पिशवी भरेल. आमचा थोरला हितेंद्र म्हणतो की कपाशीच्या काड्या घेऊन रेल्वेत चढू नका, कोकणात लाकडं मिळतात. मिळत असतील. पण लाकडावर भाजतात ते नुसतं वांगं, पऱ्हाटीवर भाजतात ते भरीत. बाग तो सांभाळणार आहे, त्याने तेवढंच करावं.

तुझ्या भावजयीला समुद्र बघायचा आहे, म्हणून तीही येते आहे. मला त्यात काही नवल वाटत नाही. पाणी ते पाणी. आपण तापी पाहिलेली आहे.

तुझा लोभ आहेच, मोळी गाडीत चढेपर्यंत तो जरा जास्त असू दे.

तुझा
उखर्डू


धुळे
२६ जानेवारी २०२५

चिरंजीव उखर्डूस अ. उ. आ.

पत्र पोचलं. यंत्र डब्यात आहे, कारण ते घातलं की ललितचं आणि सुनेचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. काढलं की दोघं किती गुणाची वाटतात.

तापी पाहिलेली आहे म्हणे! एसटी पुलावर चढली की तू डोळे मिटून मारुतीचं नाव घ्यायचास, ते मी पाहिलेलं आहे. समुद्राला पूलसुद्धा नसतो, जपून राहा.

पोरीला भरताचं आमिष दाखवून आणायला ती काय मांजर आहे? आईला मुलं जगत नव्हती म्हणून मला भीक मागून घेतलं, तुला उकिरड्यावर लोळवलं, तेव्हा कुठे भिकुबाई आणि उखर्डू जगले. एवढ्या खटपटीने जगलेल्या माणसाने पोटच्या पोरीला काड्या घेऊन हाकायला जावं, हे मला पटत नाही. पण तू ऐकणार नाहीस. इकडच्या भाषेत सांगायचं तर तुनं डोकं म्हंजे बठ्ठा दगड शे.

एक मात्र कर. मंदाला समुद्र नीट दाखव. लग्न झाल्यापासून ती म्हणते आहे आणि तू दरवर्षी केळीच्या कापणीचं निमित्त पुढे करतोस. आणि माझ्यासाठी एक शंख आण. कानाला लावला की समुद्र ऐकू येतो म्हणतात, माझ्या कानाला येतो का बघते.

वांग्यांना वारा लागू दे, तुझ्या डोक्यालाही.

तुझी
अक्का


पालवणे, जि. रत्नागिरी
८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कांना,
मंदाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो, मोळीही पोचली. गाडीत एका गृहस्थांनी विचारलं की हे काय, तर ह्यांनी दडपून सांगितलं की गुडघ्यावरचं औषध आहे. त्यांनी बायकोसाठी दोन काड्या मागून घेतल्या. त्या बाईचे गुडघे आता देवच जाणे.

उद्यान फार छान आहे. सुरूची झाडं, राहायला तंबू, झोपाळे, आणि पुढे समुद्र. अक्का, समुद्र पाहून मी रडले. का ते विचारू नका. एवढा मोठा असून इतकी वर्षं मला दिसला नाही, त्याचंच रडू आलं असेल. इथे पिवळ्या केळ्याच्या आकाराची फुग्याची होडी आहे, तिच्यावर घोड्यासारखं बसवून समुद्रातून ओढत नेतात. मी बसले. लुगड्याचा काचा मारला आणि बसले. जन्मभर केळीची सेवा केली, केळ्याने मला फिरवून आणण्याची ही पहिलीच वेळ. हे काठावर उभे होते, आणि लाट आली की मागे सरकत होते.

आता खरी गोष्ट सांगते, ती ते तुम्हाला लिहिणार नाहीत. कासवाची अंडी भरतीत वाहून जाऊ नयेत म्हणून ही मुलं ती वर आणून वाळूत पुन्हा पुरतात. भोवती जाळीचं कुंपण, आणि जिथे जिथे अंडी पुरली तिथे तारखेची पाटी. आम्ही पोचलो तेव्हा मोनाली दुसऱ्या टोकाला गेली होती. ह्यांनी काय पाहिलं? ओळीने वाफे, पाट्या, कुंपण आणि एक कोंब नाही. ह्यांना वाटलं की पोरीने रोपवाटिका केली आणि पाणी द्यायला विसरली. मला म्हणाले, बघ, एवढं शिकून काय उपयोग, वाफा कोरडा ठणठणीत. मी थांबा म्हणेपर्यंत विहिरीवरून बादली आणली आणि पहिल्या वाफ्यावर सगळी ओतली. दुसरी भरायला निघाले तेवढ्यात मोनाली धावत आली.

ती ओरडली नाही, अक्का. ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली बसली आणि ओली वाळू हाताने बाजूला करत राहिली. तिचे साहेब, भूषण म्हणून आहेत, ते म्हणाले की पाणी आत कुठवर गेलं ते कळायला मार्ग नाही. फार ओल झाली असेल तर पिल्लं आतच गुदमरतात. आता वाट बघायची. किनाऱ्यावर जाळ करायला बंदी आहे, म्हणून वांगी पोत्यातच पडली आहेत. मोनाली आमच्याशी बोलते, चहा देते, पण दोन दिवसांत एकदाही तिच्या तोंडून 'नाना' ऐकलं नाही.

तुम्ही ह्यांना फार बोलू नका, किंवा बोला, तुम्हाला काय सांगणार? ह्या धाकट्या भावजयीवर तुमची माया आहे, ती आता लागणार आहे.

तुमची
मंदा


पालवणे
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
उखर्डूचा शि. सा. न. वि. वि.

इथे सर्व आनंदी आनंद आहे. समुद्रात छातीपर्यंत जाऊन आलो, विशेष काही वाटलं नाही. लोक उगीच कौतुक करतात. केळ्याच्या आकाराची एक होडी आहे, तिचा बाक साफ चुकलेला आहे. असं केळं आमच्या बागेत निघालं असतं तर व्यापाऱ्याने बाजूला काढलं असतं. मी त्या होडीवाल्याला सांगितलं, पण त्याने मनावर घेतलं नाही.

मोनालीचं काम पाहिलं. ठीक आहे. तिला बागाईतीत थोडी मदत केली.

पार्टी पुढे ढकलली आहे. पऱ्हाटी मात्र वाया गेली नाही. इथली कुत्री रोज येऊन जाळी खालून उचकटतात, अंड्यांच्या वासाने. म्हणून मी मोळी सोडली आणि जाळीभोवती घट्ट कूड विणला, आपण केळीच्या बागेला वाऱ्याचा आडोसा करतो तसा. भूषणसाहेबांनी फोटो काढला. मोनालीने कूड पाहिला आणि एक काडी वाकडी होती ती सरळ करून गेली.

मुक्काम थोडा वाढवतो आहे. इथली हवा चांगली आहे. हितेंद्रला कापणी उरकायला सांगितली आहे.

अक्का, एक सहज विचारतो. अंडं ओलं झालं तर बिघडतंच का गं? सहजच.

माझ्यावर लोभ आहे ना तुझा, तो राहू दे.

तुझा
उखर्डू


धुळे
१६ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव उखर्डूस अ. उ. आ.

तुझं पत्र आणि मंदाचं पत्र एकाच दिवशी आलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली. छातीपर्यंत गेलास तो समुद्र कुठला आणि मंदाने पाहिलेला कुठला, याचा अजून मेळ लागलेला नाही. 'थोडी मदत' म्हणजे बादलीभर, हे मात्र समजलं.

अंड्याचं मला काय कळतं? आपल्या घरात कधी अंडं शिजलं नाही. पण तुझं सांगते. तू झालास त्या आठवड्यात पाऊस उघडला नव्हता. घर एवढं गळत होतं की आईने तुझ्या झोळीवर परात बांधली होती. परात भरली की पाणी सांडायचं ते तुझ्याच अंगावर. मी तुला पुसून पुसून कंटाळले होते. तू बिघडला नाहीस. बिघडलास तो फार तर थोडा, तोही डोक्यात.

तेव्हा धीर धर. आणि पोरीला आता 'घरी चल' म्हणू नकोस. ज्याने वाफा भिजवला त्याने वाफा उगवेपर्यंत बसावं, हा शेतकऱ्याचाच कायदा आहे. वरणगावच्यांना मी ललितकडून निरोप धाडला आहे की मुलगी कामात आहे, मुलाला पोहता येतं का तेवढं कळवा. अजून उत्तर नाही.

शंख विसरू नकोस. पिल्लं निघाली की लगेच लिही, नाही निघाली तर आधी लिही.

तुझी
अक्का


पालवणे
३ मार्च २०२५

प्रिय आत्या,
मोनालीचा सा. न.

नाना स्वतः लिहिणार होते, पण त्यांनी तीन कागद फाडले आणि म्हणाले की अक्काला तूच कळव. म्हणून मी.

तुझ्या पत्रानंतर नाना रोज सकाळपासून त्या ओल्या केलेल्या घरट्याशी बसायचे. आई सुरूच्या सावलीत. तिची त्या केळाच्या होडीवाल्याशी एवढी ओळख झाली की तो तिला लाइफ जॅकेट न मागता आणून देतो. पर्यटक विचारायचे की हे आजोबा इथले अधिकारी का, तर नाना मान हलवायचे, हो पण नाही आणि नाही पण नाही. कुणाच्या हातात पाण्याची बाटली दिसली की त्याला दहा पावलं लांब घालवायचे. एकदा मी मागून गेले तर वाळूशी बोलत होते. सांगत होते की बाबांनो, चूक माझी आहे, पोरीची नाही, तुम्ही आपले या.

घरट्याची तारीख भरली आणि वर टोपली झाकली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. काल सकाळी मी त्यांनाच म्हटलं की नाना, टोपली तुम्ही उचला. त्यांनी ती उचलली. टोपलीखाली वाळू खचली होती आणि एक डोकं बाहेर आलं होतं, नानांच्या अंगठ्याएवढं. मग दुसरं. मग वाळूच हलायला लागली. काही अंडी फुटली नाहीत, पण बरीच फुटली. नाना ओक्साबोक्शी रडले आणि भूषण सरांनी त्यांना पाण्याची बाटली दिली, तीही त्यांनी लांब धरली.

सगळी समुद्राकडे निघाली. शेवटचं एक वाट चुकून नानांच्या पायाशी येऊन बसलं. हात लावायचा नाही असं मी सांगितलेलं होतं, म्हणून नाना त्याच्यामागून वाकून चालत राहिले, हळूहळू त्याच्यावर सावली धरत. लाट आली आणि ते गेलं. नानांच्या लक्षातच आलं नाही की ते गुडघाभर पाण्यात उभे आहेत. आईने लांबून हाक मारून सांगितलं, तेव्हा त्यांनी खाली पाहिलं आणि जागच्या जागी मारुतीचं नाव घ्यायला लागले. मी हात धरून बाहेर आणलं.

संध्याकाळी मी गॅसवर भरीत केलं. त्यांच्या पोत्यातली वांगी केव्हाच गेली, ही बाजारातली होती. गॅसवरच्या भरताला नाना काय म्हणतात ते तुला माहीत आहे. तरी त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

तुला म्हणून सांगते, मला वाटत होतं की ते मला 'घरी चल' म्हणतील, आणि या वेळी मला नाही म्हणता आलं नसतं. ते म्हणालेच नाहीत. शेवटी आज मीच म्हटलं की नाना, तुम्ही आता घरी चला, मी अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, नक्की येते. तर म्हणतात कसे, पुढचं घरटं आठवड्यात फुटेल, तेवढं बघून जातो. दादाचे रोज फोन येतात, व्यापारी खोळंबले आहेत. आता तूच त्यांना दरडाव, तुझंच ऐकतात.

नानांनी तुझ्यासाठी शंख निवडलाय, सोबत पाठवते. माझ्यावर नेहमीसारखी माया कर आणि ओरड मात्र त्यांना.

तुझी
मोनाली


धुळे
१० मार्च २०२५

चिरंजीव उखर्डूस अ. उ. आ.

पोरीला आणायला गेलास आणि पोरीलाच तुला घालवून द्यायची वेळ आली. आता ऊठ. मंदाला त्या केळावर आणखी एकदा बसव आणि गाडी धर. जाताना भूषणसाहेबांना सांग की पुढच्या वर्षी कुडाला पऱ्हाटी लागली तर धुळ्याहून मोळी येईल, आमच्याकडची जास्त चिवट असते.

मोनालीने ललितला फोनवर सांगितलं की कासवीण मोठी झाली की अंडी घालायला जन्मल्या किनाऱ्यालाच परत येते. म्हणजे बाळंतपणाला माहेरी. ही जमात खानदेशीच म्हणायची. वरणगावहून उत्तर आलं, योगराजला पोहता येत नाही पण शिकायची तयारी आहे. आखाजीला पोरगी येईल तेव्हा तिचं ती बघेल, तू मधे बादली घालू नकोस.

शंख पोचला. कानाला लावला, काही ऐकू आलं नाही. ललितने लावला, त्याला आलं. मग मी डब्यातून यंत्र काढलं, कानात घातलं आणि पुन्हा लावला. आलं रे ऐकू. बराच वेळ धरून बसले होते.

आखाजीला मी माहेरी येऊन किती वर्षं झाली ते मोजत नाही. अक्का बोलावल्याशिवाय येणार नाही असं तू म्हणतोस, आणि उखर्डू बोलावतच नाही असं मी म्हणते. तू फोनवर बोलावलं असशील, मी 'काय?' म्हटलं असेल, आणि तू ठेवून दिला असशील. आता यंत्र कानात आहे. रविवारी सकाळी फोनजवळ बसते. एकदा बोलाव.

तुझी
अक्का