ह्यांची जागा

२२ सप्टेंबर, सोमवार

लाज नावाची चीजच राहिली नाही माणसांना!

आज घटस्थापना. पावसाळाभर समाजभवनात कोंबलेलं आमचं योगमंडळ आजपासून परत तलावाजवळच्या बागेत, ओट्यावर. आणि नियम काय? आजच्या दिवशी ज्याची सतरंजी जिथे पडेल ती त्याची वर्षभराची जागा. नियम केला कोणी? ह्यांनी! नळावरच्यासारखी भांडणं व्हायची दरवर्षी ओट्यावरून. दसऱ्यापासून दव पडायला लागतं, गवतावर बसलं की लुगडं काय अन् सलवार काय, सगळं ओलं. कोरडा तो ओटाच. त्यातही कडुनिंबाखालचा कोपरा ह्यांचा. तिथे बसूनच हे सगळ्यांचा प्राणायाम घ्यायचे.

आषाढात ह्यांना लकवा मारला. डावा हात, डावा पाय. आता काठी धरून गॅलरीपर्यंत येतात. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. आहे ना? मग! दिवाळीपर्यंत ह्यांना ओट्यावर नेऊन बसवते की नाही बघा. म्हणून मी पहाटेच दोन सतरंज्या घेऊन गेले. ह्यांची निळ्या पट्ट्यांची कोपऱ्यात टाकली, शेजारी माझी. नळावर पाय धुवायला म्हणून गेले अन् परत येऊन बघते तर काय — ह्यांची सतरंजी गुंडाळून माझ्या चपलांपाशी ठेवलेली! आणि कोपऱ्यात एक अनोळखी म्हातारा, डोक्याला पंचा, मांडी घालून, डोळे मिटून. जसा काही जन्मापासून तिथेच बसून राहिला आहे.

"अहो उठा, ही जागा आहे दुसऱ्यांची."

"मले काय मालूम बाई? गणपतराव म्हनले इथंच बसा."

गणपतराव आमचे सेक्रेटरी. आमच्या घरी येऊन किती वेळा पोहे खाल्ले असतील ह्या माणसाने! गळ्यातली शिटी चाचपत म्हणतात, "उत्तराताई, नियम आहे ना. माणूस हजर पाहिजे." ह्यांचाच नियम, अन् ह्यांच्याच बायकोला दाखवून राहिले!

आज कपालभाती वेगळी करायची गरज पडली नाही. नाकातून आपोआप सुरूच होती.

घरी येऊन सगळं सांगितलं. ह्यांनी पेपर खाली केला अन् "बरं" म्हणाले. बरं? मी म्हटलं, काळजी करू नका, तुमची जागा तुम्हाला परत मिळवून देते. पेपर परत वर गेला. आजारपणाने माणूस किती गरीब होतो!

२३ सप्टेंबर, मंगळवार

परत तोच, परत तिथेच. नाव धोंडबा. काटोलकडचा, संत्र्याची बाग आहे. मुलगा इथे मिहानमधल्या कंपनीत नोकरीला, त्याच्याकडे राहायला आला. कंबर धरली म्हणून मुलाने आमच्या मंडळात आणून टाकला. ही सगळी माहिती भावनाने दिली. मी विचारली नव्हती. भावना माझी मंडळातली मैत्रीण, म्हणून ऐकून घेतली.

मी म्हटलं, "कंबर धरली असेल तर कंबरेचं करा. जागा काहून धरायची?"

भावना हसली नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज अंधारातच गेले. कुत्र्यांशिवाय कोणी नव्हतं बागेत. ह्यांची सतरंजी अंथरली, वर त्यांची पाण्याची बाटली ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दगड.

धोंडबा आला. बघत उभा राहिला. मी डोळे मिटून घेतले अन् लांब श्वास घेतला, योगाचा. काही बोलला नाही बिचारा — बिचारा कसला! खाली गवतात जाऊन बसला, ओल्यात. आणि सगळे कोणाकडे बघून राहिले? माझ्याकडे! जसं काही मीच कोणाच्या घरात घुसले.

गणपतराव आले. दगड एकेक करून उचलले. "ताई, रिकामी सतरंजी योग करत नाही." हसले की सगळे! मंडळातल्या त्या बँकेत नोकरी करणाऱ्या बाया तर तोंडाला ओढणी लावून. ज्यांचे गुडघे ह्यांनी वाकवून दिले त्या! धोंडबाला हाताला धरून वर आणलं अन् बसवलं. तो आपला "राहू द्या न बावा, राहू द्या" करत होता, पण बसला ना शेवटी?

शवासनात डोळ्यांतून पाणी आलं. कानात गेलं. कोणी बघितलं नाही हे बरं झालं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

गेले. कोणाशी बोलले नाही. आले.

२८ सप्टेंबर, रविवार

पुष्करचा पुण्याहून फोन. म्हटलं मुलगा तरी आपल्या बाजूने बोलेल. तर म्हणतो, "आई, तू बाबांची घाई नको ना करू." मी घाई करून राहिले? रोज सकाळ-संध्याकाळ हात चोळून कोण देतं? चेंडू दाबायला कोण लावतं? हे गॅलरीत नुसते रस्ता बघत बसतात. मी म्हटलं नाही तर तो चेंडू तिथेच पडून राहील. तुम्ही लोक लांबून शहाणपणा शिकवा!

ह्यांना म्हटलं, बघा तुमचा लेक काय म्हणतो. तर म्हणाले, "चेंडू दे इकडे." दाबला, चांगला दहा-बारा वेळा. मग? होतं ना केलं की!

३० सप्टेंबर, मंगळवार

घरी आले तर टेबलावर संत्र्यांची पिशवी. आंबिया बहाराची, हिरवट सालीची. विचारलं, कोणी दिली? "कोणीतरी देऊन गेलं खालून," म्हणाले हे. खालचे लोक इतके कधीपासून सुधारले? गोड मात्र होती. ह्यांनी उजव्या हाताने अन् दातांनी सोलून दोन खाल्ली, माझ्यासाठीही फोडी ठेवल्या. किती दिवसांनी आवडीने काही खाताना बघितलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार — दसरा

प्राणायामानंतर सगळे सोनं वाटून राहिले होते. मी चपला घालत होते. धोंडबा समोर आला, दोन्ही हातांनी आपट्याची पानं पुढे केली. "सोनं घ्या बाई. काही चुकलं-माकलं असन त माफ करजा."

मी हात मागे घेतले.

दसऱ्याचं सोनं कोणी नाकारलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आज मीच नाकारलं. तो पानं तशीच धरून उभा राहिला, मग खिशात टाकली. गणपतराव म्हणाले, "हद्द झाली उत्तराताई." झाली ना! पण माझ्यामुळे झाली का?

वाईट वाटलं? वाटलं. लिहून टाकते, इथे कोण वाचतं. पण त्या माणसाला वाटलं का रोज दुसऱ्याच्या जागेवर बसताना?

दुपारी भावनाचा फोन. ती चार दिवसांपासून दीक्षाभूमीवर आहे, तिच्या महिला मंडळाच्या जेवणाच्या स्टॉलवर पोळ्या लाटून राहिली आहे. मागे एवढा गलका की ओरडून बोलावं लागलं. तिच्यापर्यंतही पोचलं म्हणजे सोन्याचं! म्हटलं, आता ही पण रागावते. तर म्हणे, "उत्तराताई, एकदा मधुसूदनजींनाच विचारा ना वं, त्यांच्या मनात काय आहे?"

आता ह्यांना काय विचारायचं? माणूस ज्या ओट्यावर इतकी वर्षं बसला, त्याच्या मनात दुसरं काय असणार?

४ ऑक्टोबर, शनिवार

ठरलं. सोमवारी कोजागिरी, मंडळाचं दूध ओट्यावरच असतं. ह्यांना घेऊन जाते. माणूस हजर पाहिजे ना? घ्या हजर! सगळ्यांसमोर त्या कोपऱ्यात बसवते, मग बघू कोण शिटी वाजवतो.

ह्यांना सांगितलं. "उद्या बघू," म्हणाले. मी म्हटलं, उद्या नाही, परवा आहे. कुर्ता इस्त्रीला दिला.

६ ऑक्टोबर, सोमवार — कोजागिरी

ऑटो बागेच्या आतपर्यंत नेला. सगळे उठून उभे राहिले. कोणी पाया पडलं, कोणी खुर्ची आणली. मी म्हटलं खुर्ची नको, ओट्यावर बसतील, त्यांची जागा आहे तिथे. ओट्याला एकच पायरी. ह्यांनी काठी टेकवली, उजवा पाय वर ठेवला. डावा येईना. मी म्हटलं, हं, जमतं. ह्यांच्या कानामागून घाम निघाला. "हं, अजून थोडं." शेवटी गणपतरावांनी न विचारता मागून खुर्ची लावली अन् हे बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

दूध कढईत उकळून राहिलं होतं, केशराचा वास सुटला होता. मी कप घेऊन येते तो धोंडबा ह्यांच्यापुढे उभा. कंबरेवर एक हात, तोंडभर हसू.

"साहेब, तुम्हीच व्हय? रोज फोनवर आवाज आयकतो, तोंड आज पायलं! तुम्ही सांगता तसंच करून राहिलो, पाहा, आता वाकता येते. अन् संत्री गोड निंघाली का? पोरानं पोचवली व्हती न घरी?"

मला कळेचना. रोज फोन?

मग तो माझ्याकडे वळला. भोळा माणूस, त्याला काय माहीत! "बाई, साहेबाचं मन लई मोठं. आपली सोताची जागा देल्ली मले. म्हने, कोपरा कोरडा आहे, तुमच्या कंबरेले बरं."

गणपतराव एकदम चंद्राकडे बघायला लागले. त्या बँकेतल्या बायाही. भावनाने माझा हात धरला. मी सोडवून घेतला. म्हणजे हिलाही माहीत होतं! मंडळाला माहीत, पुष्करला माहीत, काटोलच्या धोंडबाला माहीत! आणि मी रोज पहाटे उठून दगड ठेवून राहिले सतरंजीवर! मला जगासमोर येडी करून टाकलं ह्या माणसाने. माझ्या नवऱ्याने!



७ ऑक्टोबर, मंगळवार

गेले नाही.

चहाचा कप आपटून विचारलं, "मला काहून नाही सांगितलं?"

ह्यांनी उजव्या हाताने कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "आता मला ते जमणार नाही, उत्तरा. हे मी सगळ्यांना सांगू शकलो. तू रोज येऊन म्हणायचीस, जागा राखली आहे. तुला कसं सांगू?"

भांडायला तोंड उघडलं. मग उठले अन् ह्यांची निळ्या पट्ट्यांची सतरंजी घडी करून कपाटात ठेवून दिली.